नवसाबाईचा टाक

छत्री होती, पण ती त्याच्या डोक्यावर नव्हती.

सराफ बाजारातल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर तेजस्विनी अंग चोरून उभी होती. काखेत ड्रॉइंग पेपरची गुंडाळी, डोक्यावर पत्र्याचं हातभर छप्पर, आणि पाऊस असा की समोरच्या दुकानाची पाटीसुद्धा वाचता येईना. पोळ्याला आठवडा होता. शेजारी एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. त्यानं पायरीवर पुठ्ठ्याचं एक खोकं ठेवलं होतं, त्यावर उघडी छत्री धरली होती, आणि स्वतः खुशाल निथळत होता. तेजस्विनीनं एकदा खोक्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि तिला राहवलं नाही.

"एवढं काय आहे त्यात?"

"देव आहेत," तो म्हणाला. "पाच."

"मग त्यांना जरा सरकायला सांगा ना... माझे पेपर भिजले तर मॅडम मला वाळत घालतील."

त्यानं हसण्यावारी नेलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण तो गंभीर चेहऱ्यानं वाकला, खोक्याची एक फट उघडून आत काहीतरी पुटपुटला, आणि उभा राहिला.

"पेपर चालतील म्हणतात. पेपरवाली मावणार नाही."

"आणि पेपरवालीनं काय करायचं?"

"माझ्यासोबत भिजायचं... दुसरा इलाज दिसत नाही."

पंधरा मिनिटं छत्रीखाली पाच देव आणि बारा कोरे कागद कोरडे राहिले, आणि दोन माणसं ओलीचिंब झाली. पाऊस उघडला तशी दोघं दोन दिशांना गेली. नाव विचारायचं राहून गेलं. सायखेड्याच्या एसटीत खिडकीशी बसून तेजस्विनी मधेच स्वतःशी हसली आणि शेजारच्या बाईनं आपली पिशवी जरा अलीकडे ओढून घेतली.

तेजस्विनी एटीडीच्या, म्हणजे कला शिक्षक पदविकेच्या, शेवटच्या वर्षाला होती. तिथवर पोचणं सोपं नव्हतं. सायखेड्याला गोदावरीच्या काठी त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा. घरातल्या मुली दहावी-बारावीनंतर सासरी जायच्या. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, भावकीच्या तोंडाला लागून तिला नाशिकला पाठवलं होतं. दोन्ही चुलत्यांना त्यांनी एकच शब्द दिला होता: मे महिन्यात पदविका हातात येईल, तोवर कुणी स्थळ आणायचं नाही. आणि तिला सांगितलं होतं, पोरी, पहिल्या फटक्यात पास हो, मला तोंडघशी पाडू नको. त्यामुळे वर्ष वाया जाणं हा प्रकार तेजस्विनीला परवडणारा नव्हता.

त्या वर्षी मोहिनी मॅडमनी नवीनच टूम काढली होती. फळ्यावर मडकं काढून दाखवणारे शिक्षक पुष्कळ झाले, असं त्या म्हणाल्या. आता प्रत्येकानं सहा आठवडे एखाद्या संग्रहालयात नाहीतर वस्तीत काढायचे, खरी वस्तू आणि ती वापरलेली खरी माणसं मुलांपुढे आणायची, आणि त्यावर पाठ घ्यायचा. तिथून समाधानकारक कामाचं प्रमाणपत्र आलं तरच पास. तेजस्विनीच्या वाट्याला एका जुन्या ट्रस्टचं तीन खोल्यांचं संग्रहालय आलं. त्या पावसानंतरच्या सोमवारी ती तिथं गेली, तर वस्तूंची नोंद ठेवणारा सहायक टेबलामागून उठला आणि म्हणाला,

"या. देव विचारत होते तुम्हाला."

त्याचं नाव ज्ञानेश. घोटीचा. बोलणं कमी, नोंदी फार. संग्रहालयात आलेली प्रत्येक वस्तू तो मोजायचा, तिचा फोटो काढायचा, कुठं टवका उडालाय, कुठं डाग आहे ते बारीक अक्षरात लिहून ठेवायचा. देव म्हणजे चांदीचे टाक होते, देव्हाऱ्यात पुजतात ते. आगपेटीएवढा पातळ पत्रा, त्यावर ठशानं उठवलेली आकृती. खंडेराव, भवानी, घरातले दोन पूर्वज. आणि पाचवा टाक एका बाईचा.

त्या बाईची हकीकत ज्ञानेशनं तिला सांगितली. टाक देणारी सिंधुबाई सिन्नरच्या पुढच्या एका वाडीत राहत होती, वय सत्तरीच्या पुढे. नवऱ्याची पहिली बायको नवसाबाई बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि वर्षाच्या आत सिंधुबाई त्या घरात दुसरेपणावर आली. त्यांच्यात रीत अशी, की आलेल्या बाईनं गेलेल्या बाईचा टाक देव्हाऱ्यात बसवायचा आणि रोज पुजायचा. जिची जागा घेतली, तिचा मान तिला द्यायचा. सिंधुबाईनं तो पन्नास वर्षं दिला. पोटी मूल नाही, नवरा गेला, डोळे अधू झाले. आता पुतण्याकडे राहायचं, आणि पुतण्याच्या घरात या देवांचं करणारं कुणी नव्हतं. म्हणून तिनं ते संग्रहालयाला दिले.

तेजस्विनीनं सुती हातमोजे घालून नवसाबाईला तळहातावर घेतलं. रोजच्या हातानं बाईचा उठाव जवळजवळ सपाट झाला होता. पण खाचांमध्ये हळद-कुंकू काळं होऊन बसलं होतं, आणि त्या काळ्या रेघांमुळे तेवढा पदर, नथ, जोडलेले हात दिसत होते.

"हिच्यावरच पाठ घेणार मी," ती म्हणाली. "आणि सिंधुबाईंना बोलावणार."

पुढचे दिवस कसे गेले ते दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. ती टाकांची रेखाटनं करायची आणि तो शेजारी बसून नोंदी लिहायचा. निदान तसं दाखवायचा. ती मळ्यातली शेवंतीची फुलं आणायची. फुलांतून कीड येते, संग्रहालयात चालत नाहीत, नियम आहे, असं म्हणून तो ती काढून घ्यायचा आणि जेवणाच्या डब्यात ठेवून घरी न्यायचा. असा नियम कुठल्या पुस्तकात आहे हे तिनं कधी विचारलं नाही. गणपतीच्या सुट्टीत चार दिवस संग्रहालय बंद होतं, तेव्हा आरतीत तिचं लक्ष नव्हतं. आईनं दोनदा हटकलं.

सिंधुबाईला आमंत्रण द्यायला दोघं सिन्नरला गेली आणि तिथून जीपनं वाडीवर. म्हातारी ओसरीवर बसली होती. येईन म्हणाली. मग अंधुक डोळ्यांनी तेजस्विनीकडे वळून तिनं विचारलं,

"माझ्या देवास्नी आंघोळ घालता ना गं? का बसवलेत तसेच?"

ज्ञानेश घाईनं म्हणाला, आम्ही नीट काळजी घेतो, मावशी. म्हातारीनं मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, आणि ते तेजस्विनीला दिसलं.

परतीच्या जीपमध्ये कोथिंबिरीच्या गोण्या होत्या आणि माणसं गोण्यांसारखी भरली होती. तेजस्विनी ज्ञानेशला चिकटून बसली होती, कारण दुसरी जागाच नव्हती.

"तुमचा खांदा बोचतोय मला."

"नोंद घेतो. वस्तू, डावा खांदा. अवस्था, हाडकुळी."

"शेरा?"

"शेरा..." तो थांबला. बाहेर त्याच्या घोटीसारखी भाताची नाही, बाजरीची शेतं पळत होती. "तेजस्विनी, मला तुम्हाला एक..."

ड्रायव्हरनं जीप थांबवून आणखी दोन बायका आत कोंबल्या. बोलणं तिथंच राहिलं. तिला काय ऐकायचं होतं ते तिला पक्कं माहीत होतं, आणि ते ऐकायची तिला फार घाई झाली होती.

पाठ पितृपक्षातल्या शनिवारी ठरला. गुरुवारी ज्ञानेशच्या वडिलांची तिथी होती, त्याला घोटीला जाणं भागच होतं. खरं तर कपाटाची किल्ली कार्यालयात जमा करायची. पण शनिवारची मांडणी तिला आदल्या दिवसांत करायची होती, म्हणून जाताना त्यानं किल्ली तिच्या हातात दिली. हातमोज्यांशिवाय उचलू नका, म्हणाला. आणखी काही सांगावं असं त्याला सुचलं नाही.

बुधवारी संध्याकाळी तेजस्विनी घरी पोचली तेव्हा आई मोरीपाशी बसून देव घासत होती. घट बसायच्या आत देव लख्ख व्हायला हवेत, नाहीतर घरच्या बाईला झोप लागत नाही. चिंच, राख आणि नारळाची शेंडी. काळवंडलेले देव एकेक करून उजळत होते. तेजस्विनीला सिंधुबाईचं तोंड आठवलं. शनिवारी ती येणार, पन्नास वर्षं सांभाळलेले देव असे काळेकुट्ट बघणार, आणि काही न बोलता घरी जाणार. सकाळी निघताना तेजस्विनीनं चिंचेचा गोळा आणि कागदात राखेची पुडी पर्समध्ये टाकली. ज्ञानेशही चकित होईल, असं तिच्या मनात होतं.

संग्रहालयाच्या मागच्या अंगणात नळ होता. खंडेराव उजळले, भवानी उजळली, दोन्ही पूर्वज नव्यासारखे चमकू लागले. तेजस्विनी गाणं गुणगुणत होती. शेवटी तिनं नवसाबाईला घेतलं. राखेचा हात फिरवला, पाण्याखाली धरलं, ओढणीनं पुसलं. तिला वाटलं, उजेडाची तिरीप आलीय म्हणून दिसत नसेल. तिनं टाक तिरका केला. मग उलटा केला आणि पुन्हा सुलटा केला. पदर नव्हता, नथ नव्हती, जोडलेले हात नव्हते. चांदीचा कोरा पत्रा होता आणि वरच्या कोपऱ्यात टाचणीएवढं भोक पडलं होतं. किती वेळ ती नळापाशी बसून राहिली कुणास ठाऊक, नळ वाहतच होता.

शुक्रवारी ज्ञानेश आला. तिनं सगळं सांगितलं, चिंचेपासून. त्यानं ते ऐकून घेतलं. हातमोजे घातले, भिंग घेतलं, पाचही टाक पाहिले, आणि खाली बसला.

"घासू नका एवढं सांगायचं राहिलं माझ्याकडून," तो म्हणाला. "सुचलंच नाही. या मळातच तिची सगळी पूजा होती."

"आधीपासूनच असा होता असं नाही का म्हणता येणार? झिजलेला होताच तो..."

"फोटो आहे."

"फोटो तुमच्याच कॅमेऱ्यात आहे ना... फक्त?"

बोलल्यावर तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. ज्ञानेशनं तिच्याकडे पाहिलं, आणि मग कोरा कागद पुढे ओढून अहवाल लिहायला घेतला. ती समोर उभी राहून उलटी अक्षरं वाचत होती. पहिली चूक त्यानं आपली लिहिली, किल्ली नियम मोडून दिल्याची. दुसरी तिची. खाली तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण.

"माझं वर्ष जाईल," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"अण्णांनी शब्द दिलाय सगळ्यांना."

"तेही माहीत आहे. तूच सांगितलंस." तो म्हणाला, पण पेन थांबलं नाही. "तुझं नाव गाळणं एका मिनिटाचं काम आहे, तेजस्विनी. पण मग आयुष्यभर आपल्याला एकमेकांकडे बघताना तेच दिसत राहील."

ती दार आपटून निघून गेली. एवढ्या दिवसांत या माणसानं आपल्यासाठी पाच ओळी बदलू नयेत, या विचारानं तिला रडू आवरेना. चांदोरी येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून रडली. चांदोरीच्या थांब्यावर एसटी थांबली आणि तिला एकदम आठवलं की तो 'आयुष्यभर' म्हणाला होता, 'आपल्याला' म्हणाला होता, आणि पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तिचं रडणं थांबलं नाही, पण राग तिथं उतरून गेला.

शनिवारी जवळच्या शाळेतली सातवीची तीस मुलं जमिनीवर मांडी घालून बसली. मोहिनी मॅडम मागच्या खुर्चीत गुणपत्रिका घेऊन बसल्या. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं, अहवाल ट्रस्टकडे सोमवारी जायचा होता. पांढऱ्या कापडावर चारच टाक मांडले असते तर कुणी काही विचारलं नसतं. तेजस्विनीनं पाचही मांडले. ज्ञानेश दाराशी उभा होता. त्यानं ते पाहिलं.

सिंधुबाईला खुर्चीत बसवलं. ती डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघायची. एकेक टाक हातात घेऊन ती मुलांना सांगू लागली, हा खंडेराव, ही आई भवानी, हा माझ्या सासऱ्याचा बाप, लय तापट व्हता म्हणत्यात. मुलं हसली. मग तिनं पाचवा घेतला. त्यावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. उलटा करून फिरवला.

"ही कुठंशी गेली?"

तेजस्विनी तिच्या पायाशी बसली. तीस मुलांसमोर, मॅडमसमोर, तिनं सांगितलं. तुम्ही यायच्या म्हणून मी राखेनं घासले, आजी. नवसाबाई माझ्या हातानं पुसली गेली.

म्हातारीचा अंगठा कोऱ्या पत्र्यावर फिरत राहिला. मुलांची चुळबुळसुद्धा थांबली.

"पन्नास वरीस धुतली मी हिला," ती शेवटी म्हणाली. "पर बोटानं. नुसत्या पाण्यानं. बाकीच्यास्नी राख लावायची, हिला नाय लावली कधी. ओली बाळंतीण गेली ती. तिला कुठं राख लावायची?" तिनं टाक मुठीत धरला. "तुझा हात वंगाळ नाय, पोरी. पर मला इचारायचं नाय का? मी का मेले व्हते?"

तेजस्विनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आपण काय केलं ते तिला आदल्या दोन दिवसांत कळलं नव्हतं, ते आत्ता कळलं. तिला आपलं वर्ष, प्रमाणपत्र, काहीच आठवेना.

"रडू नगं," सिंधुबाई म्हणाली. "पोरं बघत्यात. काय शिकवायचं ते शिकव."

पाठाच्या टाचणात लिहून आणलेलं सगळं निरुपयोगी झालं होतं. तेजस्विनीनं तोंड पुसलं आणि विचारलं, आजी, नवसाबाई दिसायला कशी होती? म्हातारी म्हणाली, म्या तरी कुठं बघितली. पण सासू सांगायची. डावरी होती. डाव्या हातानं भाकरी थापायची म्हणून सासूची बोलणी खायची. अंगानं बारीक, नथ मोठी, आणि हसायला लागली की थांबायची नाही. ऐकता ऐकता मुलांनी पाठासाठी आणलेले तांब्याचे पातळ पत्रे मांडीवर घेतले आणि बोथट पेन्सिलीनं मागून दाबत दाबत, न पाहिलेली बाई उठवायला सुरुवात केली. काहींनी हसरी केली, काहींनी नुसती नथच मोठी केली. मग एकेकानं आपला पत्रा आजीच्या हातात दिला. तिनं प्रत्येकीवरून बोट फिरवलं. एका मुलीच्या पत्र्यावर बाईचा डावा हात पुढे होता, तिथं तिचं बोट थांबलं, आणि ती त्या मुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

तास संपेपर्यंत कोरा टाक तिच्या दुसऱ्या मुठीत होता. जाताना तिनं तो स्वतःच कापडावर ठेवला आणि निघाली. ज्ञानेश तिला सोडायला सिन्नरपर्यंत गेला.

मोहिनी मॅडमनी नंतर तिला बाजूला घेतलं. पंचवीस वर्षांत असा पाठ मी पाहिला नाही, त्या म्हणाल्या, आणि प्रमाणपत्राशिवाय मी तुला पास करू शकत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सोमवारी अहवाल गेला. ट्रस्टनं तेजस्विनीचं काम असमाधानकारक ठरवलं. सहा आठवडे पुढच्या वर्षी नव्यानं करायचे, पदविका तेव्हाच. ज्ञानेशकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि त्याला मागच्या खोलीत जुन्या पुस्तकांवर क्रमांक चिकटवायला बसवलं.

दोघांची भेट झाली नाही. फोन करायला हरकत नव्हती, पण कुणी केला नाही. तिला वाटायचं, ते फोटोचं बोलल्यावर आता कुठल्या तोंडानं करायचा. त्याला काय वाटत होतं ते तिला माहीत नव्हतं.

घरी तिनं अर्धंच सांगितलं. संग्रहालयानं काम नापास केलं, एवढंच. अण्णा ऐकून ओट्यावर जाऊन बसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मग मात्र ते भेटेल त्याला सांगू लागले, की कुणा कारकुनानं कागद लिहून माझ्या पोरीचं वर्ष घालवलं. चुलते दुसऱ्याच दिवशी एक स्थळ घेऊन आले. अण्णांनी त्यांना नाही म्हटलं नाही, बघू म्हटलं. तेजस्विनीनं भिंतीआडून ते ऐकलं, आणि तिला ठाऊक होतं की अण्णांकडे दुसरं उत्तर उरलेलं नाही. तरी खरं काय ते सांगायला तिची जीभ रेटली नाही.

दसऱ्याचा झेंडू संपला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी अण्णा ओट्यावर शेवंतीच्या जुड्या बांधत होते. एक किडकिडीत माणूस घर विचारत विचारत आला. अण्णांनी त्याला बसा म्हटलं, पाण्याचा तांब्या दिला. तेजस्विनी दारात आली आणि तिथंच उभी राहिली.

तो पाणी प्यायला नाही. तांब्या बाजूला ठेवून तो उभाच राहिला.

"मी ज्ञानेश. संग्रहालयात असतो. तो अहवाल मी लिहिला."

अण्णांच्या हातातली सुतळी थांबली. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मग आता काय राह्यलंय? घर बघायला आलात का आमचं?"

"तुम्हाला ते माझ्या तोंडून कळावं असं वाटलं," ज्ञानेश म्हणाला. "कागदावर नाव मी लिहिलं, तर तुमच्यापुढेही मीच उभं राहायला हवं. आणि..."

तो अडला. जीपमध्ये अडला होता तसाच. बाजूला शेवंतीचा ढीग, समोर अण्णा, आतून आई बघतेय, आणि त्याचे ओठ नुसते हलत होते. खरं ते कागदावर बिनचूक उतरवणाऱ्या या माणसाला तेवढं एक वाक्य बोलता येत नव्हतं. तेजस्विनी ओट्यावर आली.

"अण्णा, त्यांनी लिहिलं ते खरं आहे," ती म्हणाली. "टाक मीच खराब केला. वर फोटो पुसून टाका, असंही मीच सुचवलं त्यांना. त्यांनी ऐकलं नाही. वर्ष त्यांच्यामुळे गेलं नाही, माझ्यामुळे गेलं."

अण्णांनी सुतळी खाली ठेवली.

"तुम्ही सगळ्यांना कारकून कारकून म्हणून सांगत होता आणि मी गप्प बसले. ती माझी दुसरी चूक. मला ते सहा आठवडे पुन्हा करायचेत. मला शिक्षिका व्हायचंय, आता तर जास्तच. तुम्ही परत एकदा सगळ्यांच्या तोंडाला लागाल का, ते सांगा." तिनं श्वास घेतला. "आणि लग्न करायचं झालं तर मी यांच्याशी करीन. दुसऱ्या कुणाशी नाही."

आतल्या घरात भांडं पडलं. अण्णा सावकाश ज्ञानेशकडे वळले.

"ह्ये तुम्हाला म्हाईत होतं का?"

"नाही," ज्ञानेश म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात येत नव्हतं. "मला आत्ताच कळतंय."

अण्णा उठले आणि मळ्याकडे चालू लागले. शेवंतीच्या दोन सऱ्यांमधून ते पार टोकाला, नदीच्या बाजूला गेले, आणि तिथं पाठमोरे उभे राहिले. ओट्यावर दोघं उभी होती, मधे फुलांचा ढीग. तेजस्विनीला त्याच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. मग तिनं बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता, सरळ, काहीही न लपवता, आणि तिलाही काही लपवायचं उरलं नव्हतं. मला भीती वाटत होती, ती म्हणाली, तुम्ही पुन्हा भेटणारच नाही. तो म्हणाला, मी रोज निघायचो, नाशिकच्या स्टँडवरून परत जायचो.

अण्णा परत आले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाय धुतले, उपरण्यानं तोंड पुसलं, आणि चुलत्यांना निरोप पाठवतो म्हणाले, स्थळ पुढच्या वर्षीही बघायचं नाही. मग ते ओट्यावर बसले, शेवंतीची एक जुडी पुढे ओढली, सुतळीचं एक टोक ज्ञानेशच्या हातात धरायला दिलं, आणि मान वर न करता विचारलं,

"घोटीला कुठं घर तुमचं? घरी कोण कोण असतं?"